स्टेपनीची खडखड परत परत का येते, आणि त्यासाठी कॅरिअर घ्यावा का

तीन पावसाळ्यांत मी मागच्या दाराची खडखड चार वेळा ‘कायमची’ बंद केली. पहिल्यांदा दारावरचे, स्टेपनी ज्यांना टेकते ते रबरी ठोकळे बदलले. दुसऱ्यांदा दाराचं लॉक ज्यात अडकतं तो स्ट्रायकर खाली सरकवला. तिसऱ्यांदा पुन्हा स्ट्रायकरच. चौथ्यांदा दोन्ही बिजागऱ्या नव्या टाकल्या. दर वेळी दोन-तीन महिने शांतता, मग वरंध्यात नाहीतर ताम्हिणीत खड्ड्यांची रांग लागली की मागून तोच आवाज सुरू. आधी बारीक खडखड, मग एखाद्या मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा एकच ठोका.

गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. कारखान्यातून आलेले २४५/७५ आर १६ (पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये) टायर उतरवून मी २८५/७५ आर १६ चढवले, त्यांना लोखंडी रिम घेतल्या, आणि त्याच मापाचं पाचवं चाक जुन्याच जागी, मागच्या दारावर टांगलं. तेव्हा टायरवाल्याने एवढंच विचारलं होतं, “साहेब, दार पेलेल ना?” मी म्हटलं, पेलेल की, कंपनीचं आहे. थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, रँग्लर, ज्या ज्या गाडीची स्टेपनी दारावर असते त्या सगळ्यांना पुढचं लागू आहे. आकडे तेवढे आपापले मोजून घ्या.

आधी आवाज नक्की कुठून येतोय ते पकडा

हे न करता मी दोन वर्षं पैसे घातले, म्हणून पहिलं हेच सांगतो. स्टेपनी उतरवा, पट्ट्याने घट्ट बांधून गाडीच्या आत ठेवा आणि ज्या रस्त्यावर खडखड होते त्याच रस्त्याने, त्याच वेगाने जाऊन या. आवाज थांबला नाही तर कॅरिअरचा, म्हणजे स्टेपनीचं ओझं दारावरून काढून घेणाऱ्या वेगळ्या चौकटीचा, विचारच डोक्यातून काढा. जॅक, पाना, टूलकिटचा डबा, सीटबेल्टचं बक्कल, हार्डटॉपचे बोल्ट यांत शोधा. माझ्या एका मित्राने नव्या बिजागऱ्यांची ऑर्डर दिल्यावर त्याला कळलं, की वाजत होता तो सीटखालचा पाना.

आवाज थांबला, तर चाक परत लावा आणि गाडी सपाट जागी उभी करा. एकाने टायर वरून धरून मागेपुढे हलवायचा, मग खालून. दुसऱ्याने बोटं एकेका सांध्यावर ठेवायची: चाक आणि त्याची प्लेट यांच्या मध्ये, प्लेट आणि दाराचा पत्रा यांच्या मध्ये, बिजागरीच्या पिनवर, शेवटी स्ट्रायकरवर. जिथे एका बोटाखालचा भाग हलतो आणि शेजारच्या बोटाखालचा हलत नाही, तिथे ढिलाई आहे. कानाने शोधायला गेलात तर फसाल, कारण दाराचा पोकळ पत्रा ढोलासारखा घुमतो आणि आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो.

मग दार वीतभर उघडा आणि लॉकच्या बाजूने, खालून हाताने उचलून बघा. पिनमध्ये खेळ असेल तर दार चटकन वर जातं आणि ‘टक’ करतं. पिन घट्ट आहे पण बिजागरीचं अख्खं बूडच श्वास घेतल्यासारखं हलतंय, तर मामला पत्र्याचा आहे. बुडाभोवती टॉर्च मारा. रंगाला केसासारखी चीर किंवा तिथून खाली उतरलेला गंजाचा ओघळ दिसला की समजा, पत्रा थकलाय. अशा वेळी नवी बिजागरी टाकणं म्हणजे कुजलेल्या चौकटीला नवा दरवाजा बसवणं. पत्र्याला आतून जाड पट्टी देऊन मजबुती केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दार उतरलंय का ते पाहायला दहाची नोट पुरते. नोट दार आणि रबराच्या मध्ये धरून दार लावा आणि ओढा. चारही कोपऱ्यांना हे करा. कुठे नोट सहज सुटली आणि कुठे अडकून राहिली, तर दार सरळ बसत नाही. आणखी एक लक्षण म्हणजे दार लावताना लॉक स्ट्रायकरवर चढून मग आत जातं, थोडा जोर लावावा लागतो. यावर बहुतेक गॅरेजमध्ये स्ट्रायकर दोन मिलिमीटर खाली घेतात आणि दार लोण्यासारखं लागायला लागतं. मीही दोनदा खूश होऊन घरी आलो. पण दार अजून उतरतंच होतं, आपण फक्त त्याच्या मागे मागे खाली जात होतो.

रिमचा ऑफसेट: सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट

रबरी ठोकळे दोन महिन्यांत का निकामी होतात, हे मला भोसरीच्या एका फॅब्रिकेशन मिस्त्रीने दाखवलं. त्याने ठोकळ्यांवर खडू घासला, स्टेपनी लावली, काढली आणि टायर दाखवला. टायरवर खडूचा डागच नव्हता. म्हणजे टायर ठोकळ्यांना टेकतच नव्हता!

कारण असं. कंपनीच्या रिममध्ये नट जिथे बसतात तो भाग रिमच्या मध्यापेक्षा बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे टांगलेलं चाक दाराकडे सरकून बसतं. बाजारातल्या रुंद, ‘बाहेर निघालेल्या’ दिसणाऱ्या रिममध्ये हाच भाग मध्यावर किंवा मध्याच्याही आत असतो. मध्यापासूनच्या या अंतराला ऑफसेट म्हणतात; बाहेर असेल तर अधिक, आत असेल तर उणे. समजा जुना ऑफसेट अधिक ४० होता आणि नवा उणे २० आहे. चाकाचा मध्य दारापासून ६० मिलिमीटर लांब गेला. नवा टायर ४० मिलिमीटरने जास्त रुंद, त्यातले २० दाराच्या बाजूला भरले गेले. तरी ४० मिलिमीटरची फट उरलीच. चाक मग फक्त मधल्या तीन नटांवर लटकतं आणि प्रत्येक खड्ड्यात मान डोलावतं. ठोकळे बदलून काय होणार? ते कामावरच नव्हते.

फट एवढीच अडचण असेल तर कॅरिअर लागत नाही. जाड ठोकळे लावा किंवा चाकाची प्लेट आत घ्या. नट आवळल्यावर टायरने ठोकळे तीन-चार मिलिमीटर दाबले पाहिजेत. नुसता टेकला तर सुटेल, फार दाबला तर प्लेटलाच वाकवेल. दाब सगळ्या ठोकळ्यांवर सारखा आहे ना, तेही खडूनेच बघा. माझ्या ओळखीतल्या तीन गाड्या एवढ्यावर गप्प झाल्या आणि त्यांचे हजारो रुपये वाचले.

वजन करा, अंदाज नको

माझं एवढ्यावर भागलं नाही, कारण वजन. बाथरूममधल्या काट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग चाक कवटाळून. बायकोने फोटो काढला, तो घरच्या ग्रुपवर अजून फिरतोय. जुनी स्टेपनी २९ किलो, नवी ४१.

बारा किलोने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. दार उघडं असताना चाकाचा मध्य बिजागऱ्यांच्या रेषेपासून साधारण ५४ सेंटीमीटरवर येतो, आणि दोन बिजागऱ्यांमधलं उभं अंतर ४० सेंटीमीटर आहे. ४१ गुणिले ५४ भागिले ४०, म्हणजे वरची बिजागरी सुमारे ५५ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. जुन्या चाकाला हाच आकडा ३९ होता. हे गाडी उभी असताना. दार बंद असताना स्ट्रायकर आणि ठोकळे ओझं वाटून घेतात, पण चाक दाराच्या बाहेर लोंबत असल्यामुळे दाराचा माथा बाहेर खेचला जाणं काही थांबत नाही. चाक लांब गेलं की तेही वाढतं. खड्ड्यात गाडी खाली आपटते तेव्हा क्षणभर सगळ्याच आकड्यांची तिप्पट धरा. जांभ्या दगडाच्या रस्त्यावर असे धक्के मिनिटाला किती बसतात ते ज्याने कोकणात गाडी चालवलीय त्याला विचारा.

मी ज्या हिशेबाने चालतो तो असा: नवं चाक जुन्यापेक्षा चार-पाच किलोनेच जड असेल आणि ठोकळ्यांना नीट टेकत असेल, तर दारावरच राहू द्या. दहा किलोच्या वर गेलात आणि महिन्यातून दोनदा तरी कच्च्या रस्त्यावर जात असाल, तर ओझं दारावरून उतरवा.

तिसरी वाटही आहे: जुन्या मापाचीच स्टेपनी ठेवायची. गावात आणि हायवेवर फिरणाऱ्याला ती बरी. पण व्यासात फरक आहे हे विसरू नका. २४५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, २८५/७५ आर १६ चा सुमारे ८३४. पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये (एरवी दोन, गरजेला चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीत) फोर-हाय, म्हणजे चारही चाकांचा गिअर, टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. चारपैकी एक चाक ६० मिलिमीटरने लहान असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि गिअर पिळून निघतात. टू-व्हीलवर, लहान चाक पुढे लावून, सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, बस. चिखलात अडकलेला असताना पंक्चर झाली तर ही स्टेपनी उपयोगाची नाही, आणि पंक्चर नेमकी तिथेच होते.

मग कुठला कॅरिअर?

टपावर ठेवण्याचा सल्ला फार मिळतो. ४१ किलो एकट्याने, पावसात, डोक्याच्या वर चढवून-उतरवून दाखवा, मग बोलू. शिवाय सगळ्यात जड वस्तू सगळ्यात उंच ठेवल्यावर बाजूच्या उतारावर गाडी कशी वागते ते एकदा अनुभवलं की पुरे. पोटाखाली ठेवायला या गाड्यांत जागाच नसते, आणि असलीच तर चिखलात रुतल्यावर स्टेपनीसुद्धा चिखलातच. जुन्या विलिस सीजे-३बी जीपला चाक कुशीला असायचं, दाराचा प्रश्नच नव्हता. आजच्या रुंद टायरला ते जमणार नाही.

उरतात दोन. पहिला, दाराच्याच बिजागऱ्यांच्या जागी बसणारी जाड बिजागरी-चौकट. यात चाकाचं ओझं दाराच्या पत्र्यातून न जाता चौकटीतून थेट गाडीच्या खांबात उतरतं. दार आणि चाक एकत्र उघडतात, ही मोठी सोय. चाक मध्यम जड असेल तर मी हाच घ्यायला सांगेन. मात्र खांब शाबूत हवा. तिथे चीर असेल तर चौकट तीच चीर वाढवेल.

दुसरा, मागच्या बंपरवर उभा राहणारा, फाटकासारखा उघडणारा आडवा हात. बंपर चासीला बोल्टने बसलेला असतो, त्यामुळे दारावर शून्य वजन. थार, जिम्नी, गुरखा या शिडीसारख्या चासीच्या गाड्या आहेत म्हणून हे जमतं. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाडीला असा कॅरिअर लावून देणारा भेटला तर चहा पिऊन परत या. मी हाच लावला. तोटा आधी सांगतो: भाजीची पिशवी काढायची तरी आधी हात उघडा, मग दार उघडा, आणि भिंतीला लावून गाडी उभी केली असेल तर काहीच उघडत नाही. घरच्यांचं मत विचारून घ्या, मी विचारलं नव्हतं.

बंपरवाला घेताना तो किती जाड आहे ते बघू नका, तो कुठे फिरतो ते बघा. फिरणारा खुंटा बंपरच्या नुसत्या वरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर परत फिरा. तो वरच्या आणि खालच्या दोन्ही पत्र्यांतून आरपार जाऊन दोन्हीकडे वेल्ड झालेला हवा. आत वर-खाली दोन टेपर बेअरिंग, ट्रॉलीच्या हबमध्ये असतात तशी, आणि बाहेरून ग्रीस निप्पल. नुसता पितळी बुश असेल तरी चालतो, पण ग्रीसची जागा नसलेला बुश दुसऱ्या पावसाळ्यात रडायला लागतो.

त्याहून महत्त्वाचं, बंद स्थितीत हाताचं दुसरं टोक कशावर तरी टेकलंय का? चांगल्या कॅरिअरला तिथे उतरता घोडा, म्हणजे तिरका टेकू, असतो. हात बंद होताना त्यावर थोडा चढून बसतो आणि चालत्या गाडीत ओझं दोन्ही टोकांवर वाटलं जातं. हा घोडा नसेल तर खुंटा एकटा सगळं पेलतो, म्हणजे दाराच्या बिजागरीचं दुखणं बंपरला दिलं एवढंच. क्लॅम्प ओढून घट्ट होणारा हवा, आणि त्याच्या मागे रबर दाबलं गेलं पाहिजे. नुसती कडी-कोयंडा छाप पिन असेल तर नवी खडखड पहिल्याच दिवशी हजर.

उघडा हात उघडाच राहावा म्हणून पिन आहे ना, हेही बघा. घाटात उतारावर उभं राहून दार उघडलं आणि ४१ किलोचं फाटक परत आलं तर बोटं जातील. माझी वाचली, टॉर्च गेला.

चाकाच्या प्लेटची भोकं आपल्या गाडीच्या मापाची हवीत. जिप्सी आणि जिम्नीला पाच नट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. रँग्लरला पाचच नट, पण १२७ मिलिमीटर. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून लांबट खाचा पाडलेली प्लेट मिळते, ती मला पटत नाही, नट खाचेत सरकतो. प्लेट वर-खाली आणि आत-बाहेर सरकवता येणारी असेल तर सोनंच. मोठ्या टायरची त्रिज्या ३० मिलिमीटरने वाढली, तेव्हा मध्य तेवढा वर घेतला नाही तर टायरचं बूड खाली येतं आणि ओढ्यातून वर चढताना तेच आधी जमिनीला लागतं. फार वर घेतलं तर मागचं काही दिसत नाही. मी २५ मिलिमीटर वर घेऊन थांबलो.

मोजायला विसरू नका असं आणखी एक वजन म्हणजे कॅरिअर आणि बंपरचं. माझ्याकडे जुना बंपर काढून जमेला ४८ किलो वाढले, चाकाचे १२ धरून ६०. मागच्या ॲक्सलपासून ८० सेंटीमीटर मागे, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर धरला तर पुढची चाकं २० किलोने हलकी झाली आणि मागच्यांवर ८० किलो वाढले. ओल्या चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते उगीच नाही. मागच्या स्प्रिंग आधीच बसल्या असतील तर त्यांचाही खर्च यात धरा.

नंबरप्लेट, ब्रेकलाइट, रिव्हर्स कॅमेरा यांपैकी काही झाकलं गेलं तर ते आधीच हलवून घ्या. नव्या रँग्लरचा कॅमेरा तर स्टेपनीच्या मधोमधच असतो, तिथे चाक हललं की वायरिंगही आलं. आणि कायदा: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांचा दंड लिहिलेला आहे. बंपर कापायला देण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. टायर चढवताना मी हे केलं नव्हतं, कॅरिअरच्या वेळी केलं.

बसवल्यानंतर

पहिल्या शंभर किलोमीटरवर चासीचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा. नवा रंग बोल्टखाली दबतो आणि नट आपोआप ढिला होतो. माझी पाचवी खडखड हीच होती, तिसऱ्या दिवशी आली आणि अर्ध्या तासात गेली. बोल्ट डोक्यावर ८.८ किंवा १०.९ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेलेच घ्या, काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. चौकोनी पाइपच्या बुडाला पाणी निघायला भोक आहे का बघा, नसेल तर ड्रिलने पाडा. मे महिन्यात ग्रीस, दसऱ्याला परत ग्रीस. क्लॅम्पचं रबर वर्षातून एकदा बदलतो, नाना पेठेत चिल्लरमध्ये मिळतं. दोन पावसाळे झाले, दार गप्प आहे.

स्टेपनी आता हाताशी आली म्हणून चोरीसाठी कुलूपनट लावला. त्याची चावी टूलकिटमध्ये आहे की नाही, हे जमलं तर आत्ताच खाली जाऊन बघा. माझी घरी फ्रिजवर होती आणि मी पंक्चर टायर घेऊन माणगावच्या अलीकडे उभा होतो.